गोडाला ऋतू होता!

मराठीत साखर, कन्नडमध्ये सक्करे आणि मध्य प्रदेशातल्या हिंदीत शक्कर. तिन्ही शब्दांचे माहेर एकच, संस्कृतातील ‘शर्करा’. हाच शब्द फारसी-अरबीच्या वाटेने युरोपात गेला आणि इंग्रजांच्या तोंडी ‘शुगर’ झाला. आता तो आपल्या घरी परत आला आहे, पण आजाराचे नाव होऊन! ‘त्यांना शुगर निघाली’ असे आपण मराठीत सहज म्हणतो. कन्नड शेजारीण त्यालाच ‘सक्करे कायिले’ म्हणते. बारशाला, साखरपुड्याला, परीक्षेच्या निकालाला जी आपण कौतुकाने हातावर ठेवतो, तिचेच नाव आजाराला मिळावे, यात आपल्या बदललेल्या खाण्यापिण्याची सारी कथा आली.

ही कथा आज थोडी लांबून, बालाघाटपासून सुरू करू या.

दोन टोकांच्या दोन सीमा

बालाघाट म्हटले की आपल्या वाचकांना आठवते ती बीड-लातूरकडून कर्नाटकाच्या दिशेने गेलेली डोंगररांग. तिथल्या गावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दरवर्षी आपल्याकडच्या कारखान्यांवर येतात. पण याच नावाचा एक जिल्हाही आहे. मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, गोंदियाला लागून, वैनगंगेच्या काठी. भाताचा, जंगलाचा आणि मँगनीज-तांब्याच्या खाणींचा हा जिल्हा. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आपल्यापासून आठ-नऊशे किलोमीटरवर असला तरी या जिल्ह्याशी आपले एक नाते आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्याचा शेजारी बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिला. आपल्याकडे घरात मराठी, बाजारात कन्नड. तिकडे लांजी, वारासिवनी, कटंगीकडच्या अनेक घरांत मराठी किंवा पोवारी आणि कचेरीत हिंदी. पोळ्याला बैलांना पुरणाचा घास तिकडेही भरवतात, जसा आपल्याकडे बेंदराला किंवा कारहुण्णिमेला भरवतात. म्हणूनच तिथल्या ताटात जे बदलले ते पाहिले की आपल्या ताटातले बदल अधिक नीट दिसतात.

मोहफुलांचा महिना, गुऱ्हाळाचे दिवस

बालाघाटच्या बैहर भागातल्या गोंड आणि बैगा वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या गोड चव कुठून येत असे? दुकानातून नव्हे, मोहाच्या झाडाखालून. कन्नडमध्ये ज्याला ‘इप्पे’ म्हणतात तेच हे झाड. फाल्गुन-चैत्रात रात्रभर फुले गळतात. पहाटे उठून ती टोपलीत वेचायची, उन्हात वाळवायची आणि मग वर्षभर पुरवून खायची. कधी भाजून, कधी उकडून, कधी तिळाबरोबर कुटून. रोजच्या जेवणात मात्र कोदो-कुटकी, भात, मका, नाहीतर पातळ पेज. त्यात साखरेचा कणही नाही.

आपल्याकडे झाड वेगळे, पण गणित तेच होते. दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटायची. कन्नडमध्ये त्याला ‘आलेमने’ म्हणतात. कढईतल्या रसाचा वास गावभर पसरायचा, मुलांच्या वाटीत गरम काकवी पडायची. संक्रांतीला तिळगूळ किंवा एळ्ळु-बेल्ल. होळीला पुरणपोळी, म्हणजेच होळगी. एरवी उन्हातून आलेल्या पाहुण्यासमोर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी.

थोडक्यात, गोडाला ऋतू होता. ते मिळवण्यासाठी कष्ट होते आणि खाऊन झाल्यावर पुन्हा कष्टच होते. आज मोहाचा महिना चैत्रच आहे, गुऱ्हाळाचा हंगामही हिवाळ्यातच आहे. पण साखरेला हंगाम उरलेला नाही. बालाघाटच्या आठवडी बाजारातल्या टपरीवरही पाच-दहा रुपयांत बिस्किटाचा पुडा मिळतो, सरबताची पाकिटे मिळतात, थंड पेयाची बाटली मिळते. तेच आपल्या बसस्टँडवर, तेच शाळेच्या दारात.

साखर मानाची कशी झाली?

आपला सीमाभाग तर साखरेच्याच राशीवर बसलेला. कृष्णाकाठी उगार खुर्दला १९३९ मध्ये शुगर वर्क्स सुरू झाले. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि मग पश्चिम महाराष्ट्रापासून उत्तर कर्नाटकापर्यंत धुराड्यांची रांगच लागली. या साखरेने गावोगावी शाळा, कॉलेजे आणि दवाखाने दिले, लेकींची लग्ने केली, पत्र्याच्या घरांवर स्लॅब चढवले. हे विसरून साखरेविषयी काही बोलणे म्हणजे कृतघ्नपणा ठरेल.

पण उत्पादन वाढले तरी घरात साखर बरीच वर्षे मोजूनमापून येत होती. रेशनची रांग, कार्डावरचे शिक्के, सणाला मिळणारी जादा साखर हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना साखरेचा डबा उंच फळीवर का असायचा ते ठाऊक आहे. दुर्मिळ वस्तूला मान असतो. पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तर ती कंजुषी ठरायची. ‘चहा घ्या’, ‘चा कुडीरी’, ‘चाय पी के जाना’ या तिन्ही आग्रहांत साखर गृहीतच असते.

दुर्मिळतेचे दिवस गेले, मानाची सवय मात्र राहिली. आजही ‘बिनसाखरेचा द्या’ म्हणणाऱ्याकडे घरातली माणसे काळजीने बघतात, ‘काय, शुगर निघाली की काय?’ जणू तपासणीत आजार निघाल्याशिवाय साखर कमी करण्याचा कुणाला अधिकारच नाही!

शुभ्र होताना काय जाते?

उसाचा रस काढला की कारखान्यात तो चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर देऊन स्वच्छ करतात, आटवतात, त्यात दाणे पाडतात. मग वेगाने फिरणाऱ्या यंत्रात दाणे आणि मळी वेगळी होते. मळीबरोबर रसातले बहुतेक क्षार निघून जातात. हाती येते ती जवळजवळ निव्वळ सुक्रोज. एका ग्रॅमला चार कॅलरी, आणि त्याशिवाय काही नाही. प्रथिने नाहीत, जीवनसत्त्वे नाहीत, चोथा नाही.

ऊस दाताने सोलून खाल्ला तर चार कांडी होईपर्यंत जबडा दुखतो, माणूस आपोआप थांबतो. तोच गोडवा साखरेच्या रूपात पाण्यात विरघळवला की दोन मिनिटांत पोटात जातो. थांबवणारा चोथाच उरलेला नसतो. फळ आणि फळाचा रस यांतला फरकही हाच. संत्रे खाणे वेगळे आणि चार संत्र्यांचा रस गाळून पिणे वेगळे.

शरीरात नेमके काय होते?

सुक्रोजचे पोटात दोन भाग होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तात उतरते आणि ते पेशींत पोचवण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. दिवसातून आठ-दहा वेळा काहीतरी गोड पोटात जात असेल, तर हे काम थांबतच नाही. वजन वाढले, पोटावर चरबी साठली की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. स्वादुपिंड आणखी जोर लावते, आणि काही वर्षांनी थकते. रक्तातली साखर वाढते ती तेव्हा.

फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतावर पडतो. गरजेपेक्षा जास्त आले की यकृत त्याची चरबी बनवते. रक्तात ट्रायग्लिसराइड्स वाढतात आणि यकृतातही चरबी साठत जाते. आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ दिसते तेव्हा घरचे चकित होतात. त्यामागच्या कारणांत वाढते वजन आणि गोड पेये ही मोठी कारणे आहेत.

दातांचे नुकसान तर सर्वांत आधी होते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते दाताचे कवच झिजवते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. किती साखर खाल्ली याइतकेच कितीदा खाल्ली यालाही महत्त्व आहे. जेवणाबरोबर एक लाडू खाल्लेला परवडतो, पण दिवसभर चघळलेली चॉकलेटे आणि झोपताना बाटलीतून दिलेले साखरेचे दूध मुलाच्या दातांना परवडत नाही.

एक खुलासा इथेच करायला हवा. साखर खाल्ली म्हणजे मधुमेह झालाच, असा सरळ हिशेब नाही. आनुवंशिकता, वजन, बैठे काम, अपुरी झोप, पांढरा भात आणि मैद्याचा अतिरेक ही सगळी मंडळी त्यात सामील असतात. पण गोड पेये रोज पिणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळते, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन:पुन्हा दिसले आहे. वारसा आपल्याला बदलता येत नाही. चमचा मात्र आपल्या हातात आहे.

‘मी तर बारीक आहे!’

‘आमच्या घरात कुणी जाड नाही, आम्हाला कसली शुगर?’ हा समज आपल्याकडे फार आहे. तो खोडून काढण्याचे मोठे काम झाले ते पुण्यात. के. ई. एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांची बाळे यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे वजनाने इतकी हलकी, पण त्यांच्या अंगावर चरबीचा वाटा त्या मानाने कमी नव्हता. कमी होते ते स्नायू. हाडकुळे दिसणारे, पण आतून चरबी बाळगणारे हे शरीर आपण जन्मतःच घेऊन येतो.

डॉ. याज्ञिकांनी आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणजे वजनकाटा आपल्याला पूर्ण सत्य सांगत नाही. त्यापेक्षा कमरेचा घेर अधिक खरे बोलतो. भारतीय पुरुषांनी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटर ही मर्यादा पाळावी, असे डॉक्टर सांगतात.

शेतात राबणाऱ्या, भात लावणाऱ्या, मोह वेचणाऱ्या माणसांच्या लेकरांना हे शरीर मिळाले आहे. कष्ट होते तोवर ते निभावले. आता मोटारसायकल आली, मोबाइल आला आणि सोबत साखरही आली.

आकडे काय सांगतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. एक लाख तेरा हजारांहून अधिक लोकांच्या तपासणीवर आधारलेली ही पाहणी. तिच्या हिशेबाने २०२१ मध्ये देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह होता आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर होते. आपला शेजारी गोवा तर २६.४ टक्क्यांसह यादीत पहिला!

पण मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार यांसारखी राज्ये, जिथे मधुमेह अजून तुलनेने कमी आहे, तीच तज्ज्ञांना अधिक काळजीची वाटतात. कारण तिथे प्रत्यक्ष रुग्णांपेक्षा उंबरठ्यावरचे लोक जास्त आहेत. गोव्यात जे होऊन गेले, ते बालाघाटकडे अजून व्हायचे आहे. म्हणजेच ते टाळताही येण्यासारखे आहे. उंबरठ्यावरच्या माणसाला परत फिरता येते. थोडे वजन उतरवले, रोज चालणे ठेवले आणि खाणे आवरले तर अनेकांची साखर पुन्हा जागेवर येते.

तपासणीतली एक मेख

बालाघाट, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष बऱ्याच घरांत आहे. केंद्र सरकारने या आजाराच्या निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू केली. याचा साखरेशी संबंध असा, की ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून जी एचबीएवनसी चाचणी सगळीकडे केली जाते, ती तांबड्या पेशींवर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो. नुसते वाहक असणाऱ्यांतही काही यंत्रांवर तो चुकतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासणे अधिक खात्रीचे.

ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे. आपल्याकडे सिकलसेल कमी असेल, पण बायकांमध्ये रक्तक्षय उदंड आहे, आणि लोह कमी असले तर हाच आकडा वर सरकू शकतो. म्हणून एका कागदावर विसंबून घाबरू नये आणि निर्धास्तही राहू नये. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ असेल तर तो उंबरठा, १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली तर मधुमेह, एवढे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. तीस वर्षांवरील सर्वांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. हळदीकुंकवाला वेळ काढतो तसा वर्षातून एक दिवस यासाठी काढावा.

पहिले हजार दिवस

घरातल्या सुनेला, लेकीला दिवस राहिले की आपण तिला दोघांचे खायला सांगतो आणि त्यात गोडाचा आग्रह पहिला. इथे ब्रिटनमधली एक गोष्ट फार बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे साखरेचे रेशनिंग होते, माणशी दिवसाला साधारण ४० ग्रॅम. सप्टेंबर १९५३ मध्ये ते उठले आणि साखरेचा खप बघता बघता जवळजवळ दुप्पट झाला. संशोधकांनी त्या बदलाच्या आगेमागे जन्मलेल्या सुमारे ६० हजार लोकांची पुढची साठ वर्षांची प्रकृती तपासली. २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष आला तो असा. ज्यांचे गर्भातले आणि पहिल्या दोन वर्षांतले दिवस रेशनिंगमध्ये गेले, त्यांना मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. ज्यांना मधुमेह झालाच, त्यांनाही तो सरासरी चार वर्षे उशिरा झाला.

आपल्या पुण्याच्या अभ्यासाशी हे जोडून पाहावे. आईच्या पोटातच बाळाच्या उद्याच्या प्रकृतीचा पाया पडतो. म्हणून गरोदरपणात डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, पालेभाज्या यांचा आग्रह धरावा, पेढ्यांचा नको. गरोदरपणातली साखर तपासणी चुकवू नये. बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत त्याच्या खिरीत, दुधात, पेजेत वरून साखर घालू नये. त्याला गोड हवे असते ते आपल्याला वाटते म्हणून! आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर चाटवूच नये. प्रथा जुनी असली तरी मधातून होणारा विषबाधेचा धोका खरा आहे.

गूळ, मध आणि ‘शुगर-फ्री’

साखर सोडली म्हणणारे पुष्कळ जण चहात तितकाच गूळ घालतात. कोल्हापूरच्या गुळाचा अभिमान आपल्या सर्वांना आहे आणि त्यात थोडेफार क्षार, लोह असते हेही खरे. पण गुळाचा मोठा वाटा सुक्रोजच आहे. गोकाकचा करदंट गुळाचा, म्हणून मधुमेह्याने मोकळेपणी खावा असे नाही. मध, काकवी, खडीसाखर, ब्राऊन शुगर ही एकाच कुटुंबातली भावंडे.

कृत्रिम गोडीच्या गोळ्यांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले, की वजन उतरवण्यासाठी त्यांवर भिस्त ठेवू नये. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांनी त्याबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. खरा उपाय एकच, जिभेला कमी गोडाची सवय लावणे.

मात्र साखरेला शत्रू ठरवण्याचेही कारण नाही. जुलाबाने सुकलेल्या लेकराला मीठ-साखरेची जलसंजीवनी जीव देते. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याला अचानक घाम फुटला, हातपाय थरथरले, तर तीन चमचे साखर पाण्यातून दिलेली त्याला वाचवते. अशा माणसाच्या खिशात साखरेची पुडी असलीच पाहिजे. औषध म्हणून साखर, सण म्हणून साखर ठीक. सवय म्हणून साखर नको.

चौकट : एका साध्या दिवसाचा हिशेब

सण नाही, पाहुणे नाहीत, असा कुठलाही वार घ्या. सपाट चमचा ४ ग्रॅमचा धरला आहे.

चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे : ३२ ग्रॅम
ग्लुकोजची पाच-सहा बिस्किटे : सुमारे ७ ग्रॅम
थंड पेयाची छोटी बाटली (२०० मिली) : सुमारे २१ ग्रॅम
डोशा-पराठ्याबरोबर मोठा चमचाभर टोमॅटो सॉस : सुमारे ४ ग्रॅम
एकूण : ६४ ग्रॅम

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये घातलेली मर्यादा : २,००० कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा चमचे. मध, गूळ आणि फळांचे रस यातच मोजायचे. अख्खी फळे आणि नुसते दूध यात धरत नाहीत.

म्हणजे एकही लाडू न खाता आपण ओलांडली मर्यादा!

घरात काय करता येईल?

पहिली गोष्ट, किराणाच्या यादीकडे बघा. माणशी दिवसाला २५ ग्रॅम म्हणजे महिन्याला ७५० ग्रॅम, चार माणसांच्या घराला ३ किलो. आपल्या घरात महिन्याला किती साखर येते? पाच किलो येत असेल तर ती कुठे जाते, हे गृहिणीला वहीशिवाय सांगता येईल. आणि बिस्किटांतली, सॉसमधली साखर तर या यादीत दिसतच नाही.

दुसरी, चहातला एक चमचा अर्धा करा, पण एकदम नव्हे. दर पंधरवड्याला थोडा. दोन-तीन महिन्यांत जीभ रुळते आणि मग जुना चहा पाकासारखा लागतो. पाहुण्याला साखर वेगळी द्या, त्याची त्याने घालावी. यात मान कमी होत नाही, उलट त्याच्या प्रकृतीची विचारपूसच होते.

तिसरी, पुड्याच्या मागचे वाचा. ‘ॲडेड शुगर’ असा रकाना आता तिथे असतो. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप अशी नावे दिसली की समजावे, साखर किंवा तिच्यासारखेच झटपट ग्लुकोज होणारे पिष्ट वेश बदलून आले आहे. मुलांच्या ‘ताकदीच्या’ पावडरींचाही हा रकाना एकदा तपासाच. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले, कारण मुलांच्या आहारात साखरेचा वाटा ५ टक्क्यांऐवजी १३ ते १५ टक्क्यांवर गेला आहे. आपल्या मराठी आणि कन्नड माध्यमाच्या शाळांनीही असा फळा लावायला काय हरकत आहे? दोन्ही भाषांत लिहावा, म्हणजे आजीलाही वाचता येईल.

चौथी, तहान पाण्याने, ताकाने भागवा. आपल्याकडे मज्जिगे आहे, कोकम आहे. त्यात साखर न घालता चिमूटभर मीठ-जिरे पुरते.

आणि पाचवी, सण सोडू नका! होळगी, तिळगूळ, कुंदा, धारवाडी पेढा हे आपले वैभव आहे. वर्षातून त्या त्या दिवशी, सगळ्यांबरोबर बसून, चव घेत खाल्लेली पुरणपोळी कुणाचा घात करत नाही. घात करते ती रोजची, न मोजलेली, चव न घेता गिळलेली साखर. रोजच्या चमच्यातली साखर वाचवली तरच सणाच्या पोळीला आपल्या ताटात हक्काची जागा राहील.

बालाघाटचा मोह आजही वर्षातून एकदाच फुलतो. आपल्या गुऱ्हाळावरची काकवीही हिवाळ्यातच मिळते. निसर्गाने गोडाला जो ऋतू दिला होता, तो आपण आपल्या स्वयंपाकघरात पुन्हा पाळू या. येत्या संक्रांतीला ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणताना आणि ‘एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडी’ म्हणताना एवढे ध्यानात ठेवावे, की दोन्ही भाषांत गोड बोलायला सांगितले आहे. ते वर्षभर बोलावे, त्याला मर्यादा नाही!